मोटारीचा धक्का आणि आपली मान

आपली मोटार चौकात लाल दिव्यापाशी उभी आहे. मागून येणाऱ्या गाडीचा ब्रेक वेळेवर लागत नाही आणि ती येऊन आपल्या गाडीवर आदळते. काच फुटत नाही, रक्त येत नाही. थोडी बाचाबाची होते आणि आपण घरी परततो. रात्री झोपही बरी लागते. सकाळी मात्र उशीवरून डोके उचलवत नाही. मान लाकडासारखी ताठरलेली, खांदे जड आणि डोक्याचा मागचा भाग ठणकत असलेला! घरातील वडीलधारे म्हणतात, "मान अवघडली असेल. न्हाव्याकडून एकदा कडकन मोडून घे, म्हणजे मोकळी होईल."

वाचकहो, हा सल्ला मायेचा असला, तरी अशा वेळी तो मुळीच मानू नका.

आपल्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते आणि ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. मागून धक्का बसताच आसनाची पाठ आपले धड पुढे ढकलते; डोके मात्र क्षणभर जागीच राहते. त्यामुळे मान नागमोडी वाकते, डोके मागे फेकले जाते आणि लगेच पुढे येते. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत उरकते; स्नायूंना सावध होण्यास अवसरच मिळत नाही. या इजेला इंग्रजीत 'व्हिपलॅश' म्हणजे आसुडाचा फटका असे नाव पडले आहे, ते यामुळेच. या फटक्यात स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. हाड मोडलेले नसल्यामुळे क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही. तेवढ्यावरून दुखणे खोटे आहे, असे घरच्यांनी समजू नये.

मोठ्या शहरांतून हल्ली 'कायरोप्रॅक्टिक' उपचाराच्या पाट्या दिसतात. या पद्धतीचा पाया डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट या गावी घातला. हातांनी मणक्यांना नेमका दाब किंवा झटका देऊन सांधे मोकळे करणे हे तिचे मुख्य अंग होय. बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणके सरकण्यात असते, ही पामर यांची समजूत आजच्या वैद्यकशास्त्रास मान्य नाही. मानदुखीत मात्र, व्यायामाच्या जोडीने असा उपचार घेतल्यास काही काळ आराम मिळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या विद्येच्या शिक्षणाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत चार वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण अपेक्षिले आहे. म्हणून उपचारकाला त्याचे शिक्षण कोठे व किती झाले, हे विचारण्यास संकोचू नये.

याचे कारण गंभीर आहे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर जातात. मानेला जोराचा झटका दिल्यानंतर त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती विरळा असली तरी, अपघातात आधीच दुखावलेल्या मानेच्या बाबतीत धोका पत्करण्याचे कारण नाही. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी आणि मगच मानेला कोणाचा हात, हा क्रम कधीही मोडू नये.

हातापायांना मुंग्या येत असतील वा ते लुळे पडत असतील, मानेच्या मध्यभागी तीव्र वेदना असतील, चालताना तोल जात असेल, वस्तू दोन दिसत असतील, बोलणे अडखळत असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल, तर मान हलवू न देता ११२ या क्रमांकावर ताबडतोब मदत मागवावी. पासष्टी गाठलेल्या माणसाची तपासणी तर दुखणे किरकोळ वाटले तरी करून घ्यावी.

मोठी इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे काय करावे? पूर्वी अशा रुग्णाला गळपट्टा बांधून आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. १९९५ साली कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या तज्ज्ञमंडळाने आधीचे संशोधन तपासून रुग्णाने शक्य तितक्या लवकर नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात, असे सुचविले. दिवसातून अनेकदा मान सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवावी, खांदे फिरवावेत आणि सोसवतील ती घरातली कामे करावीत. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. पुष्कळ जणांना काही आठवड्यांत उतार पडतो. काहींचे दुखणे मात्र महिनोन् महिने रेंगाळते. अशा वेळी भौतिकोपचार तज्ज्ञाकडून व्यायाम शिकून घेणे हिताचे.

शेवटी एक सूचना. मोटारीच्या आसनावर डोक्यामागे जी उशी असते, ती झोप काढण्यासाठी नसून मान वाचविण्यासाठी आहे. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच असावी आणि ती डोक्याच्या शक्य तितकी जवळ असावी. पुढच्या वेळी सहकुटुंब प्रवासास निघाल तेव्हा पट्टे बांधण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागची उशी नीट करून घ्या. या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही.