भरलेली कोठारे आणि रिकामी ताटे

भुकेचे कारण नेहमी धान्याचा तुटवडा हेच असते असे नाही. पिकलेले धान्य गरजूच्या घरापर्यंत न पोचल्यामुळेही उपासमार होते. २००१ साली राजस्थानात याचा प्रत्यय आला. लागोपाठच्या अवर्षणाने तेथील खेड्यांत अन्नान्नदशा झाली होती. त्याच वेळी देशातील सरकारी कोठारांत ५ कोटी टनांहून अधिक धान्य साठलेले होते.

ही विसंगती पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. प्राथमिक शाळांतील मुलांस दुपारचे शिजवलेले अन्न द्यावे, असा हुकूम न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. परंतु हुकूम निघाल्याने चूल पेटतेच असे नाही. अनेक राज्यांनी चालढकल केली. तेव्हा ९ एप्रिल २००२ रोजी नऊ राज्यांतील शेकडो ठिकाणी लोकांनी स्वतः अन्न शिजवून शाळेतील मुलांस जेवू घातले व सरकारांस त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून दिली. पुढील काही वर्षांत शाळांतील भोजन देशभर रूढ झाले आणि २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा संमत झाला.

या कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. तथापि ज्याचे नाव शिधापत्रिकेत नाही, त्याच्या पदरी या तरतुदीने काहीच पडत नाही. निराधार विधवा, नव्याने जन्मलेली बालके, ऊसतोडीसाठी परगावी जाणारी कुटुंबे आणि कष्टाने बोटांचे ठसे झिजलेले वृद्ध मजूर हेच बहुधा मागे राहतात.

म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पुढील कामे अगत्याने करावीत :

१. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी व सुटलेल्या नावांचे अर्ज तेथेच लिहून घ्यावेत.

२. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करणे कठीण जाते.

३. रास्त भाव दुकानाच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कायद्याने जनतेस दिलेला आहे. दक्षता समितीने आलेले व वाटलेले धान्य यांचा मेळ घालावा.

४. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांस देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपले धान्य घेता येते, हे गाव सोडण्यापूर्वीच समजावून सांगावे.

५. दाद न मिळाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे लेखी तक्रार करावी.

एकट्या गरिबाचा शब्द कचेरीत सहसा ऐकू जात नाही. तोच ग्रामसभेच्या ठरावातून गेला म्हणजे त्यास वजन येते. सधन शेतकऱ्यांनीही या कामी पुढे यावे. ज्यांच्या श्रमावर शिवार पिकते, त्यांच्या घरची चूल विझलेली राहणे हे साऱ्या गावास उणेपणा आणणारे आहे.