तयार संगणक घ्यावा की जुळवावा?

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. ते आज असते तर या यादीत त्यांनी संगणकाचीही भर घातली असती! बाजारातून तयार वर्कस्टेशन आणावे की सुटे भाग आणून संगणक स्वतः जुळवावा, हा प्रश्न आता इंजिनिअरांपुरता राहिलेला नाही. घरी बसून इमारतींचे आराखडे काढणारा मुलगा, लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करणारी बाई, संशोधनाची आकडेमोड करणारा विद्यार्थी, अशा मंडळींना लाख-दीड लाख रुपये एका पेटीत घालावे लागतात. हे पैसे बहुधा साठवलेले असतात, नाही तर कर्जाचे. तेव्हा जरा हिशेबाने विचार करू या. मी अर्थशास्त्र शिकवतो. हिशेबाची खोड सुटत नाही, ती तुम्ही सांभाळून घ्यालच.

जुळवण्याचे काम पूर्वी खरोखरच अवघड होते. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक निघाला, तो सुट्या भागांच्या रूपात मिळे आणि घेणाऱ्याला घरी बसून एकेका भागाला डाख द्यावा लागे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या भागांतूनच बनवला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप प्रसिद्ध केले. त्यात मदरबोर्डाचा आकार आणि स्क्रूंच्या जागा ठरवून दिलेल्या होत्या. त्यामुळे एका कंपनीची पेटी, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा वीजपुरवठा बिनबोभाट एकत्र नांदू लागले. आज डाख नको की काही नको. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक रविवार एवढ्यावर काम भागते.

तेव्हा अडचण जोडण्यात नाही. ती येते दोन वर्षांनी, एखाद्या सोमवारी सकाळी, बटण दाबूनही पडदा काळाच राहतो तेव्हा.

तयार यंत्राची किंमत भागांच्या बेरजेपेक्षा पुष्कळदा जास्त असते आणि लोक म्हणतात, ‘कंपनी नुसत्या नावाचे पैसे घेते.’ हे अर्धेच खरे आहे. त्या जादा पैशांत तुम्ही आणखी एक गोष्ट घेता, ती म्हणजे सबंध यंत्राची जबाबदारी. बिघाड कशातही असो, फोन एकाच ठिकाणी करायचा. घरी येऊन दुरुस्तीचा करार असेल तर माणूस येतो. (तो तुमच्या तालुक्यापर्यंत येतो का, हे मात्र पैसे मोजण्यापूर्वी विचारा.)

जुळवलेल्या यंत्रात गॅरंटी नसते असे नव्हे. उलट ती कधी कधी जास्तच असते. चांगल्या वीजपुरवठ्याला सात-सात, दहा-दहा वर्षांची मुदत मिळते. पण ती असते एकेका भागाची. प्रत्येक विक्रेता म्हणणार, ‘आमचा भाग बिघडला असेल तर आणा, बदलून देतो.’ बिघडला कोणता, हे सांगायचे कोणी? तुम्ही! मेमरीची एक पट्टी काढून दुसरीवर यंत्र चालवून पाहायचे, ग्राफिक्स कार्ड काढून पाहायचे, वीजपुरवठा शेजाऱ्याचा लावून पाहायचा. हे ज्याला जमते आणि आवडते त्याने खुशाल जुळणी करावी. पण समजा, तुमची रोजची कमाई अडीच हजार आहे आणि शोधाशोधीत सहा दिवस गेले. पंधरा हजार गेलेच, वर गिऱ्हाईक दुसरीकडे वळले ते वेगळेच.

आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मेमरीतला एखादा अंक क्वचित आपोआप पालटतो. शून्याचा एक होतो. पडद्यावर काही दिसत नाही, पण हिशेबात चूक शिरते. गूगलच्या यंत्रांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. यावर उपाय म्हणजे ‘ईसीसी’ मेमरी. नेहमीच्या रचनेत ती चौसष्ट बिटांमागे आठ बिट जास्त ठेवते, एक बिट चुकला तर दुरुस्त करते, दोन चुकले तर ओरडून सांगते. रात्रभर चालणाऱ्या आकडेमोडीला मी तरी हिच्यावाचून बसणार नाही. अनेक तयार वर्कस्टेशनांत ही सोय मिळते, सगळ्यांत नव्हे. स्वतः जुळवताना प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनाही ती चालते ना, हे बोर्डाच्या माहितीपत्रकात वाचूनच पैसे द्यावेत. दुकानदाराच्या ‘चालेल हो’वर विसंबू नये.

सॉलिडवर्क्ससारख्या आराखड्यांच्या प्रणाली कोणती यंत्रे तपासून मान्य केली आहेत याची यादीच देतात. तुमचा धंदा अशा प्रणालीवर असेल तर यादीतले तयार यंत्र घ्यावे, फार चर्चा नको.

मात्र तयार यंत्राची एक खोड वाईट. काही कंपन्या वीजपुरवठा आणि बोर्ड आपल्याच मापाचे बनवतात. मुदत संपल्यावर वीजपुरवठा जळाला, तर बाजारातला दुसरा त्यात बसतच नाही. कंपनी मागेल ती किंमत द्या, नाही तर चांगले यंत्र भंगारात घाला. म्हणून विकत घेताना पेटी उघडून दाखवायला सांगा. संकोच कशाला? पैसे आपले आहेत.

आपल्याकडे तिसरी वाटही रुळलेली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानात यादी द्यायची आणि यंत्र त्याच्याकडून जुळवून घ्यायचे. दुकानदार भला असेल तर बिघाड शोधण्याचे काम तो करतो, आणि भाग बाजारमापाचे असल्यामुळे पुढे अडत नाही. मला विचाराल तर घरून काम करणाऱ्या बहुतेकांना हीच वाट मानवेल. पण मोघम पावती घेऊ नका. प्रत्येक भागाचे नाव आणि त्यावरचा अनुक्रमांक बिलात लिहून घ्या. उद्या दुकान बंद झाले, तरी त्या कागदावर तुम्हाला कंपनीकडे थेट जाता येईल.

आणि स्वतःच जुळवलेत, तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर घाबरू नका. डीडीआर-५ जातीच्या मेमरीची जुळवाजुळव बोर्ड पहिल्या खेपेस स्वतःशीच करीत बसतो आणि कधी कधी काही मिनिटे पडदा काळा राहतो. तेवढ्या वेळात चहा टाका. बटणाला हात लावू नका.