चौकोनी म्हशीचीं वांकडीं शिंगें

यंदा दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरांत एका म्हशीवरून तंटा उपस्थित झाला. म्हैस गोठ्यांतली नव्हे. आमचा गोठा मोडून वीस वर्षें होऊन गेलीं. ही म्हैस संगणकाच्या पडद्यावरची, आणि तिचा धनी माझा तेरा वर्षांचा नातू. पहिल्या सत्राच्या परीक्षेंत भूमितींत त्याला चाळीसांपैकीं चौदा गुण मिळाले होते. त्याच्या वडिलांनीं संगणकाला कुलूप घालण्याचें ठरविलें; त्याच्या आजीचें म्हणणें पडलें कीं, सणासुदीला मुलाच्या डोळ्यांत पाणी नको. अखेर निवाड्यासाठीं प्रकरण माझ्याकडे आलें. कारण बुलढाणा जिल्ह्यांतील शाळांतून मीं चौतीस वर्षें संस्कृत आणि गणित हे दोन विषय शिकविले आहेत. फिर्याद ऐकली तसें आरोपीचेंहि ऐकावें, म्हणून मी त्याच्या शेजारीं खुर्ची ओढून बसलों. त्या बैठकींतून जें निघालें तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें वाटतें; कारण असा पडदा आज बहुतेक घरांत आहे, आणि असा तंटाहि.

ठोकळ्यांची सृष्टि

ज्या खेळासाठीं ही म्हैस घडत होती त्याचें नांव माइनक्राफ्ट. स्वीडन देशांत तो २००९ सालीं प्रथम लोकांपुढें आला, २०११ च्या नोव्हेंबरांत पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यांतील जमीन, झाडें, डोंगर सारें चौकोनी ठोकळ्यांचें. गाय म्हणजे एक मोठी पेटी, तिला चार उभ्या पेट्यांचे पाय आणि पुढें डोक्याची एक पेटी. त्यांतला क्रीपर नांवाचा हिरवा राक्षस तर चुकीनें जन्मास आला. डुकराची आकृति करतांना कर्त्याच्या हातून लांबी आणि उंची यांची अदलाबदल झाली, आणि आडवें डुक्कर उभें राहिलें!

या सृष्टींत आपल्या मनचा प्राणी आणावयाचा तर त्याची आकृति आपण बांधावी लागते. त्यासाठीं ब्लॉकबेंच नांवाचें साधन फुकट मिळतें. एका पूर्ण ठोकळ्याच्या बाजूचे त्यांत सोळा भाग मानतात. त्या एका भागास आपण सोयीसाठीं अंगुळ म्हणूं.

नातवाला करावयाची होती आपल्या विदर्भांतली नागपुरी म्हैस, जिला वऱ्हाडी म्हैस असेंहि म्हणतात. तिचीं शिंगें तलवारीसारखीं लांब आणि चपटीं. कपाळापासून वळून मानेच्या दोन्ही अंगांनीं थेट खांद्यांकडे गेलेलीं. तीं शिंगें नसतील तर ती आमच्या वऱ्हाडची म्हैसच नव्हे. धड झालें होतें, पाय झाले होते, शेपूटहि झाली होती. "आजोबा, शिंगांपाशी सगळं अडलंय," तो म्हणाला, "ठोकळे सगळे सरळ, आणि शिंग वाकडं. सरळातून वाकडं निघणार कसं?"

प्रश्न ऐकून मी चपापलों. कां, तें पुढें सांगतों.

पायऱ्यांचें वर्तुळ

पहिला उपाय घरांतल्या मंडळींनींच सुचविला. ऐन तरुणपणीं दोसुती कापडावर फुलीच्या टाक्यानें मोर काढण्यांत त्यांचा हातखंडा होता. त्या म्हणाल्या, "त्यात काय कठीण? मोराची मान आम्ही कशी काढत होतो? तीन घरं आडवी, मग दोन, मग एकेक घर तिरपं, मग दोन उभी, मग तीन उभी. लांबून पाहिलं की मान वळलेली दिसते." खेळांत घुमट बांधणारीं मुलें असेंच करतात, असें नातूहि म्हणाला. लहानलहान चौकोन पायऱ्यांसारखे रचावे, आणि डोळ्यानें त्या पायऱ्यांचें वर्तुळ करून घ्यावें.

त्यानें तसें करून पाहिलें; पण शिंगाऐवजीं जिना झाला. याचें कारण शोधूं लागलों तेव्हां एक मौज आढळली. सात अंगुळें व्यासाच्या वर्तुळाचा परिघ सुमारें बावीस अंगुळें. परंतु तेंच वर्तुळ पायऱ्यांचें केलें तर परिघ अठ्ठावीस भरतो. वरच्या सर्व आडव्या पायऱ्या मिळून एक व्यास, खालच्या मिळून एक व्यास, आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या उभ्या पायऱ्या मिळून दोन; एकूण चार व्यास. पायऱ्या कितीहि बारीक करा, निम्म्या करा, शतांश करा, बेरीज अठ्ठावीसच! पायरी वर्तुळाच्या जवळ जाते, पण वर्तुळाच्या दिशेनें कधींच वळत नाहीं. दोसुतीवरचा मोर आपण समोरूनच पाहतों, म्हणून तें खपून जातें. म्हैस मान हलविते, तिच्यावर बाजूनें उजेड पडतो, आणि प्रत्येक पायरी आपलें कोनाडेपण उघड करते.

ज्या, चाप आणि शर

म्हणजे ठोकळा नुसता सरकवून भागत नाहीं. तो थोडा वळविला पाहिजे. येथें माझें संस्कृत कामास आलें. आपल्या जुन्या गणितांत वर्तुळाच्या तुकड्यास चाप म्हणजे धनुष्य, त्याचीं टोकें जोडणाऱ्या सरळ रेघेस ज्या म्हणजे दोरी, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतच्या अंतरास शर म्हणजे बाण म्हणतात. आमचें शिंग धनुष्य. आमचा प्रत्येक ठोकळा एक दोरी. दोरी धनुष्यापासून जेवढी दूर, तेवढी आमची चूक. आणि ती चूक मोजणारा बाण.

कंपास घेऊन आम्हीं कागदावर सोळा अंगुळें त्रिज्येचें पाव वर्तुळ काढलें. तें तीन ठोकळ्यांत बसविलें तर प्रत्येक ठोकळा ३० अंश वळतो, आणि शर अर्ध्या अंगुळाहून थोडा अधिक राहतो. सहा ठोकळे घेतले तर प्रत्येकाचें वळण १५ अंश, आणि शर अंगुळाचा सुमारें सातवा हिस्सा. ठोकळे दुप्पट केले तर चूक निम्मी न होतां चौथाई झाली! बारा केले तर ती पुन्हां चौथाई होईल. पण त्याची गरज नाहीं. या प्राण्यांच्या कातडीवर रंगाचा लहानांत लहान ठिपका एका अंगुळाचा असतो. त्याच्या सातव्या हिश्शाची चूक कोणाच्या डोळ्यास दिसणार? सहाच पुरे. प्रत्येकाची लांबी चार अंगुळें आणि वर सुमारें सहावा हिस्सा; सहांची बेरीज पंचवीस. खऱ्या चापाची लांबीहि पंचवीस आणि वर सुमारें आठवा हिस्सा. पायऱ्यांना जें साधलें नाहीं तें वळणाऱ्या ठोकळ्यांना साधलें.

आतां चपापण्याचें कारण सांगतों. मी नवीन शिक्षक असतांना वर्तुळाचा पाठ चालला होता. त्रिकोणाला बाजू तीन, चौकोनाला चार, असें मीं फळ्यावर लिहिलें. मागच्या बांकावरला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मग वर्तुळाला बाजू किती?" मला उत्तर सुचलें नाहीं, आणि सुचलें नाहीं हें मान्य करण्याइतका मी मोठा नव्हतों. मी म्हणालों, "तुझ्या डोक्याला जितकीं शिंगें, तितक्या!" वर्ग खो खो हंसला. मुलगा खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हां प्रश्न विचारला नाहीं.

आणि तो प्रश्न तर आपल्या थोर गणितज्ञांचा होता! भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सुमारास लिहिलेल्या लीलावतींत, एक लक्ष वीस हजार व्यासाच्या वर्तुळांत बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या आकृतींच्या बाजू दिल्या आहेत. त्यांत चौकोनाची बाजू ८४,८५३ आणि अष्टकोनाची ४५,९२२. गुणून पाहा: चौकोनाची परिमिति व्यासाच्या २.८३ पट, अष्टकोनाची ३.०६ पट. बाजू वाढतात तशी आकृति वर्तुळाकडे सरकते. त्याहून सहा शतकें आधीं, ४९९ सालच्या आर्यभटीयांत, वीस हजार व्यासास बासष्ट हजार आठशें बत्तीस परिघ सांगून आर्यभटानें त्याला "आसन्न" असा शब्द योजला. आसन्न म्हणजे अगदीं जवळ आलेला. त्याच ग्रंथांत पाव वर्तुळाचे चोवीस भाग करून अर्धज्या दिल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या भागाचें चाप २२५ कला, आणि त्याची अर्धज्याहि २२५ कलाच. इतक्या लहान तुकड्यांत धनुष्य आणि दोरी यांत भेद उरत नाहीं! हें सर्व मला पाठ होतें. मुलाच्या प्रश्नाशीं त्याचा संबंध आहे, हें मात्र दिसलें नव्हतें.

सांध्याची युक्ति

पुढचे धडे नातवानें मला दिले. ठोकळे सुटे सुटे वळवूं नयेत. दुसरा ठोकळा पहिल्याचें अपत्य करावा, तिसरा दुसऱ्याचें. मग पहिला वळला कीं पुढचे सगळे त्याच्यामागोमाग वळतात, जसा खांदा हलला कीं कोपर आणि मनगट हलतें. खेळांतल्या मोठ्या ड्रॅगनची मान अशाच पांच तुकड्यांची आणि शेपूट बारा तुकड्यांची आहे. म्हणून तो उडतांना सापासारखा लवतो.

दुसरी गोष्ट सांध्याची. ठोकळा वळविला कीं आंतल्या बाजूस दोन ठोकळे एकमेकांत शिरतात, आणि बाहेरच्या बाजूस पाचरीएवढी फट पडते. चार अंगुळें जाडीचे ठोकळे १५ अंशांनीं वळविले, तर प्रत्येकाचें टोक पाव अंगुळाहून किंचित अधिक वाढवावें. म्हणजे बाहेरचे कोपरे नेमके मिळतात. पण मग एकमेकांत शिरलेल्या भागाच्या बाजू एकाच पातळींत येतात. वर कोणती दाखवावी हें यंत्रास कळत नाहीं, आणि तेथें रंग लुकलुकतो. त्यावर उपाय शिंगानेंच दिला आहे. शिंग टोकाकडे निमुळतें असतें. तसा प्रत्येक पुढचा ठोकळा थोडा बारीक करावा, म्हणजे पातळ्या वेगळ्या होतात आणि लुकलुक थांबते.

तिसरी गोष्ट आम्ही दोघे मिळून शिकलों. सहा ठोकळे प्रत्येकीं १५ अंश वळविले तेव्हां आकृति अगदीं गोल झाली, पण तें शिंग दिसेना. कडी दिसूं लागली. आजी लांबून म्हणाली, "ही म्हैस आहे का पिंपाची मूठ?" तेव्हां आम्हीं खऱ्या म्हशीचीं चित्रें काढून नीट पाहिलीं. शिंगाचें वळण सर्वत्र सारखें नसतें. कपाळापाशीं तें अधिक, आणि पुढें मानेच्या बाजूनें जातांना कमी कमी होत जातें. मग नातवानें कोन बदलले: २६, २२, १८, १२, ८ आणि ४. बेरीज तीच, नव्वद. पण या खेपेस पडद्यावर वऱ्हाडची म्हैस उभी राहिली, आणि आजीनें तिला हांक मारली.

लोणारच्या काठावर

भाऊबीजेनंतर मी नातवाला लोणारला घेऊन गेलों. सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षांपूर्वीं आकाशांतून आलेल्या पाषाणानें आमच्या जिल्ह्याच्या काळ्या खडकांत केलेलें हें विवर. व्यास सुमारें १.८ किलोमीटर. मीं त्याला काठावर उभें करून विचारलें, "तुझ्या पायांखालचा काठ सरळ आहे कीं वांकडा?" तो म्हणाला, "सरळ." "आणि समोरचा?" "गोल!"

सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायांत भास्कराचार्यांनीं सांगितलें आहे कीं, पृथ्वी गोल असून सपाट दिसते, कारण परिघाचा शतांश सपाटच भासतो. लोणारच्या काठाचा परिघ साडेपांच किलोमीटरांहून थोडा अधिक. त्याचा शतांश सुमारें छप्पन मीटर. तेवढें अंतर आम्हीं पावलांनीं मोजलें. पाय सरळ चालले होते, आणि विवर मात्र आमच्या नकळत साडेतीन अंशांहून थोडें अधिक वळलें होतें.

खालीं गांवांत दैत्यसूदनाचें देऊळ आहे. त्याची भिंत साधी चौकोनी नाहीं. कोपऱ्यामागून कोपरा पुढें येत ती तारकेसारखी फिरते. कर्नाटकांत गदग जिल्ह्यांतील दंबळ येथें बाराव्या शतकांतील दोड्डबसप्पाचें देऊळ आहे. त्याची तारका चोवीस कोनांची. एकच चौकोन मध्यबिंदूभोंवतीं पंधरा-पंधरा अंशांनीं फिरवीत गेलें कीं हे चोवीस कोन मिळतात. "आजोबा, पंधरा! आपलेच पंधरा अंश!" नातू देवळांत ओरडला. मीं त्याला दटावलें नाहीं.

निवाडा

घरीं येऊन मीं निवाडा दिला. संगणकाला कुलूप घालूं नये. अभ्यासानंतर संध्याकाळीं एक तास तो मुलाचा. परंतु अवघड अवयव आधीं कागदावर, कंपास आणि कोनमापक घेऊन, आणि मगच पडद्यावर. मुलाच्या वडिलांनीं विचारलें, "आणि गुण वाढले नाहीत तर?" मी म्हणालों, तर पुन्हां माझ्याकडे या. गुण वाढतील अशी हमी मी देत नाहीं. पण जो मुलगा सुट्टींत आपण होऊन नव्वद अंश सहा ठिकाणीं वांटतो, त्याला भूमिति येत नाहीं असें मी म्हणणार नाहीं. फार तर आम्हांला ती त्याच्यापाशीं ओळखतां आली नाहीं, असें म्हणेन.

घरोघरच्या वडील मंडळींस माझी एवढीच विनंति आहे कीं, कुलूप लावण्यापूर्वीं एकदां शेजारीं खुर्ची ओढून बसावें. कदाचित् तेथें वेळाचा अपव्ययच चाललेला आढळेल. मग कुलूप आहेच.

राहतां राहिला तो मागच्या बांकावरला मुलगा. तोहि आतां पन्नाशीच्या आसपास आला असेल. तो कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडला तर त्यास सांगणें इतकेंच: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतें, आणि तें मीं हंसण्याखालीं लपविलें. वर्तुळाला बाजू किती? आपल्या कामास पुरतील तितक्या घ्याव्या. आणि कितीहि घेतल्या तरी आणखी घेण्यास जागा राहतेच.