तांब्याची गोळी

शिकारीच्या रायफलीची गोळी म्हणजे तांब्याचा पातळ कंचुक ल्यालेला शिशाचा गाभा, ही समजूत शंभर वर्षांच्या वहिवाटीने इतकी दृढ झाली होती की, तो गाभाच काढून टाकून सगळी गोळी तांब्याची घडवावी, हा विचार गेल्या शतकाच्या नवव्या दशकात एका अमेरिकन कारागिराने सिद्धीस नेईपर्यंत, शिकारी जगाचे लक्ष त्या शक्यतेकडे फारसे गेलेच नव्हते. आज त्या गोळीपाशी बंदूककारागिरी, पशुवैद्यक आणि कायदा या तीन शास्त्रांच्या वाटा एकत्र येतात. म्हणून तिचा परिचय शिकारीशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकानेही करून घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

शिशाचे गुण निर्विवाद होते. ते पाण्याच्या अकरापट जड, ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे, म्हणून घरच्या साच्यातही ओतता येणारे, आणि मऊ असल्यामुळे देहात शिरताच पसरणारे. परंतु १८८० नंतरच्या दशकात धूरविरहित दारू प्रचारात येऊन गोळीचा वेग एकदम वाढला, तेव्हा उघडे शिसे नळीतील आट्यांना लिंपून बसू लागले. आणि त्यावर तोड म्हणून स्वित्झर्लंडचे लष्करी अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ च्या सुमारास योजलेला तांब्याचा कंचुक सर्वत्र स्वीकारला गेला. पूर्ण झाकलेली गोळी मात्र देहातून न पसरता आरपार जाई. तेव्हा १८९६ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथील सरकारी दारूगोळा कारखान्यात तिचे टोक उघडे ठेवण्यात आले, आणि त्या गावाचे नाव जगाच्या युद्धकोशात कायमचे जाऊन बसले. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र ती राहिली, आणि तिथे तिचे राहणे उचितच होते, कारण जनावर जखमी होऊन रानात दिवसेंदिवस तडफडण्यापेक्षा त्याला तत्काळ मरण यावे, हाच शिकाऱ्याचा पहिला धर्म मानला जातो.

या पसरणाऱ्या गोळीत एक दोष उरलाच होता. वेग फार असला, किंवा खांद्याचे जाड हाड आडवे आले, की कंचुक फाटून शिशाचा चुरा होई आणि गोळी मर्मस्थानापर्यंत पोहोचतच नसे. १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका मूस हरणावर झाडलेल्या गोळ्या अशाच निष्प्रभ ठरल्यावर जॉन नॉस्लर यांनी गोळीच्या पोटात तांब्याचा आडपडदा घालून पुढचे शिसे पसरले तरी मागचे शाबूत राहील, अशी तजवीज केली. त्याहून मूलगामी उपाय युटा राज्यातील रँडी ब्रुक्स यांनी काढला. फ्रेड बार्न्स यांनी १९३२ साली कोलोराडोत सुरू केलेला गोळ्यांचा छोटा कारखाना ब्रुक्स यांनी पत्नी कोनी यांच्यासह १९७४ मध्ये विकत घेतला होता. शिसे आणि कंचुक एकमेकांपासून सुटतात हेच जर अपयशाचे मूळ असेल, तर दोन धातूच कशाला, या सरळ प्रश्नातून १९८९ साली त्यांची ‘एक्स’ गोळी बाजारात आली. ती अखंड तांब्याची. तिच्या टोकाशी एक पोकळी. आणि देहातील द्रवाचा दाब त्या पोकळीत शिरताच पुढचा भाग चार पाकळ्यांत उमलून मागे वळे. समोरून पाहिल्यास ती आकृती इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसे. व्यास जवळजवळ दुप्पट होई, आणि वजन मात्र बहुतांशी जसेच्या तसे राही.

इथवरचा इतिहास केवळ भेदनशक्तीचा आहे. ज्या गिधाडामुळे ही गोळी पुढे कायद्याच्या दप्तरात गेली, त्याचा उल्लेख त्यात कोठेच नाही. कॅलिफोर्निया काँडर हे साडेनऊ फूट पंखविस्ताराचे, बहुधा वर्षाआड एकच अंडे घालणारे गिधाड १९८२ मध्ये अवघ्या २२ संख्येवर आले होते. १९ एप्रिल १९८७ रोजी रानातला शेवटचा पक्षीही पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेण्यात आला, तेव्हा जगात एकूण २७ काँडर उरले होते. १९९२ पासून त्यांना पुन्हा मोकळे सोडण्यात आले, पण सोडलेले पक्षी शिशाच्या विषबाधेने वारंवार आजारी पडत आणि मरत. शिकाऱ्याने हरणाची आतडी रानात टाकून मांस घरी न्यावे, आणि त्या आतड्यांत विखुरलेले शिशाचे कण गिधाडाच्या पोटी जावेत, असा हा क्रम होता. मारलेल्या हरणांची क्ष-किरण छायाचित्रे काढल्यावर जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत पसरलेला शिशाचा बारीक चुरा दिसला, तेव्हा आपण घरी नेतो त्या मांसातही तो असू शकतो, ही जाणीव शिकाऱ्यांना झाली.

ॲरिझोनाच्या वन्यजीव खात्याने २००५ पासून काँडरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसे विनामूल्य देऊ केली, आणि सक्ती नसतानाही बहुसंख्यांनी ती स्वीकारली. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये काँडरच्या प्रदेशापुरता व २०१३ मध्ये राज्यभराचा शिशाच्या गोळ्यांवरील बंदीचा कायदा केला. त्याचा पूर्ण अंमल १ जुलै २०१९ पासून सुरू झाला. भेदनासाठी घडलेली गोळी अशा रीतीने एका पक्ष्याच्या रक्षणाचे साधन ठरली. जी गोळी फुटत नाही ती मागे विष ठेवीत नाही. कारागिराने साधलेला गुण आणि निसर्गाला हवा असलेला गुण मुळात एकच होता.

आता निवडीचा विचार. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणून तितक्याच वजनाची तांब्याची गोळी लांब भरते, आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी नळीच्या आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. दुसरे असे की, तांबे कठीण असल्यामुळे पाकळ्या उमलण्यास पुरेसा वेग हवा. अनेक नमुन्यांत ही मर्यादा आघाताच्या क्षणी सेकंदाला १,८०० ते २,००० फूट असते. या दोन्ही कारणांचा निष्कर्ष एकच निघतो: गोळी नेहमीपेक्षा हलकी आणि वेगवान निवडावी. ‘थर्टी-ओ-सिक्स’ रायफलीत १८० ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) शिशाची गोळी वापरणाऱ्याने १५० किंवा १६८ ग्रेनची तांब्याची घेतली तरी त्याचे काही बिघडत नाही, कारण शिशाची गोळी देहात शिरताना गमावते ते वजन तांब्याची जपते. वेग जिथे मर्यादेखाली उतरतो त्या अंतरापलीकडे मात्र गोळी झाडू नये. हा संयम तिच्या वापराचाच भाग आहे.

बाजारचे काडतूस एका मापाच्या सर्व रायफलींसाठी सारखे असते. प्रत्येक नळीचा स्वभाव मात्र वेगळा. म्हणून चोखंदळ शिकारी स्वतःची काडतुसे स्वतः भरतो. झाडलेली पितळी पुंगळी स्वच्छ करून, साच्यातून दाबून मूळ मापास आणायची. तिची लांबी मोजून वाढलेली कड छाटायची. तळाशी नवे प्रायमर बसवायचे. दारू काट्यावर ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलायची, आणि शेवटी गोळी तोंडाशी बसवायची. तांब्याच्या बाबतीत इथे दोन पथ्ये कसोशीने पाळावी लागतात. कठीण आणि लांब गोळी नळीत अधिक अडते आणि पुंगळीतील जागाही व्यापते, त्यामुळे दाब वेगळा येतो. म्हणून शिशाच्या गोळीचे प्रमाण तिला कदापि लावू नये, त्याच गोळीसाठी छापलेल्या कोष्टकातील किमान मात्रेपासून आरंभ करावा, आणि दाबाची चिन्हे पाहत पायरीपायरीने वर जावे. दुसरे पथ्य बैठकीचे. शिशाची गोळी कित्येकदा आट्यांना जवळजवळ टेकवून बसवली असता उत्तम लागते, तर तांब्याच्या गोळीला आट्यांपर्यंत मोकळी झेप लागते. बार्न्स कारखान्याची शिफारस आरंभी सुमारे ०.०५० इंच अंतर ठेवण्याची आहे, आणि तेथून थोडे मागेपुढे सरकवीत प्रत्येक अंतराने झाडलेल्या गोळ्यांचे गट कागदी निशाणावर घेतले की नळीची पसंती कळते.

पहिल्या ‘एक्स’ गोळ्यांची तक्रार अशी होती की त्या नळीत तांब्याचा जाड थर सोडीत आणि काही रायफलींत नेमाला बेभरवशाच्या ठरत. २००३ मध्ये गोळीच्या अंगावर आडव्या खाचा कोरलेली सुधारित जात आली. आट्यांनी विस्थापित केलेल्या तांब्याला या खाचांत जागा मिळाली, घर्षण घटले, आणि नेमबाजांनी तांब्याविरुद्ध धरलेला मुख्य आक्षेप गळून पडला. किंमत अधिक, लहान बोअरच्या बंदुकांना मोजकेच पर्याय, आणि मंद वेगाला न उमलण्याचा धोका, हे आक्षेप आजही खरे आहेत आणि ते मान्य करूनच तांब्याची बाजू मांडली पाहिजे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपुष्टात आली, तेव्हा हा व्यवहार आपला नव्हे असे वाटणे साहजिक आहे. परंतु मृत जनावराच्या देहात राहिलेल्या पदार्थाने गिधाडे कशी नामशेष होतात, याचा सर्वांत दारुण दाखला आपल्याच देशाने पाहिला: गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने भारतीय गिधाडांचे थवेच्या थवे नाहीसे झाले, आणि २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला. म्हसळ्याजवळच्या चिरगावला गिधाडांची घरटी जपणाऱ्यांना काँडरची कथा परकी वाटणार नाही.

जनावर कोसळले की शिकाऱ्याची जबाबदारी संपली, ही जुनी मर्यादा तांब्याच्या गोळीने पुढे सरकवली आहे. मागे उरलेल्या आतड्यांवर कोण उतरेल आणि घरी नेलेले मांस कोण खाईल, याचाही हिशेब आता गोळी निवडतानाच करावा लागतो. आणि तो हिशेब मान्य करणाऱ्याला काट्यावर दशांश ग्रेन तोलण्याचे कष्ट अधिक वाटत नाहीत, कारण चुकलेला नेम आणि मागे राहिलेले विष ही दोन्ही एकाच निष्काळजीपणाची अपत्ये आहेत. ज्याला जीव घेण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, त्याने तो इतक्या काटेकोरपणेच वापरला पाहिजे.