मळकी म्हणजे जुनी नव्हे

1974 साली मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात पुरातन मूर्तींच्या चोरीच्या आरोपावरून ब्रिखिदो लारा नावाच्या कारागिराला अटक झाली. ‘या मूर्ती माझ्याच हातच्या आहेत,’ असं तो परोपरीने सांगत होता. तज्ज्ञ म्हणत होते, अस्सल आहेत. शेवटी त्याने तुरुंगातच माती मागवली आणि तशाच मूर्ती घडवून दाखवल्या. तो सुटला, आणि पुढे त्याच राज्यातल्या हालापा शहरातल्या संग्रहालयाने त्याला कामावरही घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांतही आपल्या मूर्ती मांडलेल्या आहेत, असं त्याने नंतर सांगितलं.

जिथे तज्ज्ञ फसले, तिथे गराज सेलमध्ये हाती लागलेल्या किंवा कुणी मेक्सिकोहून आणून दिलेल्या बाहुलीबद्दल आपण किती ठामपणे बोलावं? तरीही लोक बोलतात, आणि बहुतेकदा सुरुवात होते मातीपासून. खाचांत माती आहे, नाक झिजलंय, हात तुटलाय, म्हणजे जुनीच असणार! पण ओली माती चोळणं, बाहुली काही महिने पुरून ठेवणं, हात मुद्दाम मोडून पुन्हा चिकटवणं, हे नकली माल करणाऱ्यांचे नेहमीचे उद्योग आहेत. जमिनीत शतकानुशतकं राहिलेल्या मातीकामावर झाडांच्या मुळांच्या बारीक रेषा उमटतात, मॅंगनीजचे काळे ठिपके धरतात. हे ठिपकेही रंगवता येतात, म्हणून जाणकार ते भिंगाखाली पाहतात.

दुसरा समज याच्या उलटा: ‘साच्यातून काढलीय, म्हणजे बाजारू.’ तेओतिहुआकान या प्राचीन मेक्सिकन शहरातल्या कारागिरांनी दीड हजार वर्षांपूर्वी साच्यातूनच ढिगांनी बाहुल्या काढल्या. त्यांची इवलीशी मुंडकी तिथल्या शेतांत आजवर सापडत आली आहेत. साच्यापेक्षा संशय घ्यावा तो चाकाचा. कोलंबसापूर्वीच्या मेक्सिकोत कुंभाराचं चाक नव्हतं, त्यामुळे आतल्या बाजूला चाकावरची गोल वळी दिसली तर वस्तू नंतरची. गंमत म्हणजे त्या लोकांना चाक ठाऊक होतं! वेराक्रूझमध्ये चार चाकांवरची मातीची छोटी जनावरं सापडली आहेत.

बाहुली मेक्सिकोची दिसली की सगळे तिला ॲझ्टेक म्हणून मोकळे होतात. ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान वसली 1325च्या सुमारास आणि पडली 1521 मध्ये. त्लातिल्कोच्या बाहुल्या त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षांच्या. कोलिमाचे मातीचे गुबगुबीत लालसर कुत्रे ख्रिस्तजन्माच्या आगेमागे खोल विहिरीसारख्या थडग्यांत ठेवले गेले, तर हाइना बेटावरच्या माया बाहुल्या साधारण इसवी सन 600 ते 900 मधल्या. त्यांतल्या कित्येक तर शिट्ट्या आहेत.

मग बाहुली प्रयोगशाळेत पाठवली की प्रश्न मिटला? तसंही नाही. भाजलेल्या मातीचं वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही. त्यासाठी थर्मोल्युमिनेसन्स ही चाचणी आहे. मातीतले खनिजकण आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गातून ऊर्जा साठवत जातात. भट्टीत हा साठा रिकामा होतो आणि तिथून पुन्हा भरू लागतो. नमुना तापवल्यावर जितका प्रकाश निघेल, तितका भट्टीनंतरचा काळ मोठा. पण जुन्या खापऱ्या जोडून नवी मूर्ती केली असेल, तर चाचणी फक्त जिथे नमुन्यासाठी छिद्र पाडलं तिथलंच वय सांगते.

चाचणी कशी दगा देते, हे मेक्सिकोतल्या अकांबारो गावात दिसलं. 1944 मध्ये तिथे एका जर्मन व्यापाऱ्याला मूर्ती मिळू लागल्या. पुढे त्या तीस हजारांवर गेल्या आणि त्यांत चक्क डायनोसॉर होते. चार्ल्स डी पेसो या पुरातत्त्वज्ञाने पाहिलं, तर खाचांत मातीच नव्हती आणि झीजही नव्हती. तरी पहिल्या थर्मोल्युमिनेसन्स चाचण्यांनी त्यांना इसवी सनापूर्वी 2500च्या आसपास नेऊन ठेवलं. 1976 मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा ते आकडे भरवशाचे नसल्याचं आणि मूर्ती विसाव्या शतकातच भाजल्याचं निष्पन्न झालं. म्हणजे यंत्राआधी डोळ्यांनीच बरोबर सांगितलं होतं.

आता पैशाचं. ‘अस्सल निघाली तर नशीब उघडलं’ हा सर्वांत मोठा गैरसमज. तेओतिहुआकानची छोटी मुंडकी इतकी आहेत की अस्सल असूनही त्यांना फारसा भाव नाही. मोठ्या मूर्तीला भाव येतो तो तिच्या कागदांमुळे: ती मेक्सिकोबाहेर कधी गेली, कुणाकुणाकडे होती. मेक्सिकोच्या 1972च्या कायद्यानुसार कोलंबसपूर्व प्रत्येक वस्तू राष्ट्राची आहे. भारताचा पुरावस्तू कायदाही 1972चाच. मात्र आपल्याकडे जुनी मूर्ती नोंदणी करून घरात ठेवता येते, देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अशी बाहुली हाती आली तर धुऊ नका, घासू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुणाकडून आणि कधी मिळाली ते लिहून ठेवा आणि एखाद्या संग्रहालयाला विचारा. वस्तू काय आहे, हे ते पाहून सांगू शकतात. किंमत मात्र सहसा सांगत नाहीत.

अशा चौकशीचं एक उदाहरण: अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एका बाईंनी सुमारे चार डॉलरला मातीचं भांडं घेतलं होतं. पुढे मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात तशीच भांडी पाहून त्यांना शंका आली आणि त्यांनी चौकशी केली. ते माया लोकांचं, इसवी सन 200 ते 800 मधलं निघालं. 2024 मध्ये त्यांनी ते मेक्सिकोच्या राजदूतांच्या हवाली केलं.