ट्रॅकच्या फाटकाशी थांबणारा विमा

मोटारीचा विमा गाडीचा असतो, तसाच तो तिच्या वापराचाही असतो. गाडी तीच आणि चालवणाराही तोच, पण ती महामार्गावरून वळून शर्यतीच्या ट्रॅकवर उतरली, की विमा कंपनीच्या लेखी तिचा वापर बदलतो. स्वतःच्या गाडीने हौसेखातर ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या विम्याचा सगळा प्रश्न या बदलात आहे.

अशा हौशी दिवसाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. आयोजक ट्रॅक भाड्याने घेतो. शुल्क भरून लोक आपापल्या गाड्या आणतात, हेल्मेट घालतात आणि गटागटाने ठरावीक वेळ फेऱ्या मारतात. पुढे काढायचे ते नेमून दिलेल्या सरळ पट्ट्यावरच, तेही पुढच्याने वाट दिल्यावर. पहिला-दुसरा क्रमांक नसतो, चषकही नसतो. भारतात यासाठी कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टई इथला ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचे 5.125 किलोमीटर लांबीचे बुद्ध सर्किट ही ठिकाणे हौशी मंडळींना ठाऊक आहेत. पुण्याहून कोइमतूरला गाडी चालवत जाणाऱ्याची नेहमीची पॉलिसी वाटेत लागू असते आणि परतीच्या वाटेवरही लागू असते. प्रश्न मधल्या काही तासांचा असतो.

एका ओळीतली मेख

भारतातल्या खासगी मोटारींच्या पॉलिसीची भाषा आजही बव्हंशी 2002च्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’मधून आलेली आहे. तिच्यात ‘वापराच्या मर्यादा’ सांगणारा एक छोटा परिच्छेद असतो. भाड्याने देणे, मालवाहतूक, आयोजित शर्यत, पेसमेकिंग (शर्यतीत इतरांसाठी वेग ठरवत पुढे धावणे), वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची कसोटी) आणि वाहनव्यवसायाशी संबंधित काम सोडून कोणत्याही कारणासाठी गाडी वापरता येईल, असे तो सांगतो. या मर्यादेबाहेरच्या वापरात झालेले नुकसान किंवा आलेली देणी कंपनी देणार नाही, हे ‘सर्वसाधारण अपवादां’त येते. ते अपवाद पॉलिसीच्या सर्व भागांना लागू असतात. त्यामुळे गाडीच्या नुकसानीबरोबर मालक-चालकाचे सक्तीचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात कवचही धोक्यात येते. ‘झीरो डेप’सारखे (सुट्या भागांचा घसारा न कापणारे) जादा पैसे देऊन घेतलेले कवच मूळ पॉलिसीवरच उभे असते, म्हणून मूळ दावा फेटाळला गेला की तेही उपयोगी पडत नाही.

ट्रॅक डे ही आयोजित शर्यत आहे का? क्रमांक लागत नसतील तर नाही, असे चालक म्हणू शकतो. पण यादीत ‘वेगाची चाचणी’ही आहे, आणि गाडीत लावलेला, फेरीची वेळ मोजणारा लॅप टायमर कंपनीच्या बाजूने बोलू लागतो. पॉलिसीतला शब्द खरोखरच संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ पॉलिसी लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात लावायचा, हे तत्त्व भारतीय न्यायालये मानतात. दावा नाकारला गेल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. मात्र निकाल लागेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये आणि बिल मालकाच्या नावावर राहते. भांडता येईल अशा कलमाच्या भरवशावर ट्रॅकवर उतरणे शहाणपणाचे नाही.

टॅरिफमध्ये ‘आयएमटी 31’ नावाची एक पुरवणी आहे. जादा हप्ता घेऊन ती रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठी पॉलिसी वाढवते. ठिकाण, तारीख आणि आयोजकाचे नाव तिच्यात नमूद करावे लागते. मात्र आयोजित शर्यत, पेसमेकिंग आणि वेगाची चाचणी तिच्यातूनही वगळलेली आहे. रॅलीसाठीचे हे कागद ट्रॅक डेला आपोआप लागू पडतील असे मानता येत नाही.

तीन जोखमी

ट्रॅकवरच्या जोखमी तीन आणि प्रत्येकीचा विमा वेगळा. पहिली स्वतःच्या गाडीची. दुसरी इतरांच्या नुकसानीची, म्हणजे दुसऱ्याची गाडी, मार्शलची इजा, ट्रॅकचा कठडा. मोटार वाहन कायद्यातली थर्ड पार्टी विम्याची सक्ती सार्वजनिक जागेतल्या वापरासाठी आहे. शिवाय 2019च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 150नुसार, पॉलिसीत वगळलेली आयोजित शर्यत किंवा वेगाची चाचणी हा विमा कंपनीला उपलब्ध असलेल्या बचावांपैकी एक आहे. ट्रॅकवर प्रवेश करताना ज्यावर सह्या घेतल्या जातात त्या इंडेम्निटी फॉर्मचा हेतू आयोजकाला जबाबदारीतून वाचवण्याचा असतो. तो चालकाचा विमा नव्हे.

तिसरी जोखीम स्वतःच्या शरीराची. इथे चित्र थोडे बरे आहे. आरोग्य विम्यातल्या साहसी खेळांच्या प्रमाणित अपवादात मोटर रेसिंगचे नाव आहे, पण तो अपवाद ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांसाठी आहे. हौशी चालकाच्या बाजूने हा शब्द महत्त्वाचा ठरतो. वेगळ्या घेतलेल्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत मात्र हौशी-व्यावसायिक भेद न करता शर्यत वगळलेली असू शकते, म्हणून ती स्वतंत्रपणे वाचावी लागते.

परदेशातली खास पॉलिसी

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ट्रॅक डेसाठी वेगळी पॉलिसी मिळते, एका दिवसाची किंवा पूर्ण हंगामाची. तिच्यात गाडीचे मूल्य आधीच ठरवून लिहितात. भारतातल्या आयडीव्हीसारखे, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीसारखे, ते ठरावीक घसाऱ्याच्या तक्त्यावर बेतलेले नसते. वजावट, म्हणजे नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा भाग, मात्र मोठी असते, बहुधा त्या मूल्याच्या काही टक्के.

समजा, ठरलेले मूल्य 20 लाख आणि वजावट 10 टक्के, म्हणजे 2 लाख. वळणावर मागची चाके घसरली, गाडी गिरकी घेऊन टायरच्या भिंतीवर आदळली आणि बंपर, दिवा, रेडिएटर, बॉनेट मिळून बिल 1 लाख 80 हजार झाले, तर कंपनी काहीच देत नाही. बिल 7 लाख झाले तर 5 लाख मिळतात. गाडी पूर्ण गेली तर 18 लाख मिळतात, आणि भंगार सहसा कंपनीकडे जाते. किरकोळ खरचटण्यासाठी ही पॉलिसी नसतेच. गाडी संपूर्ण गमावण्याच्या भीतीवरचा तो उतारा आहे.

तिच्याही मर्यादा ठळक असतात. फाटलेले टायर, जळालेले ब्रेक पॅड, तेल कमी पडून बसलेले इंजिन ही झीज किंवा यांत्रिक बिघाड मानली जाते. वेळ मोजून होणारी स्पर्धा बहुतेक वेळा बाहेर असते. इतरांच्या नुकसानीची जबाबदारीही सहसा तिच्यात नसते.

जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगची गोष्ट निराळी. तिथला सुमारे 20.8 किलोमीटरचा नॉर्डश्लायफे पर्यटकांसाठी उघडा असतो तेव्हा कायद्याने तो टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता ठरतो आणि रहदारीचे नियम लागू होतात. तरीही स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा देणाऱ्या अनेक कंपन्यांनी हा रस्ता अटींतून वगळला आहे. कठडा वाकवला तर त्याचे बिल चालकाकडे येते.

युरोपात या विषयाला एका ट्रॅक्टरनेही वळण दिले. 2007मध्ये स्लोव्हेनियात गवताच्या पेंढ्या माळ्यावर चढवताना मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का शिडीला बसला आणि वरचा माणूस पडला. 2014मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले, की वाहनाच्या नेहमीच्या कामाशी सुसंगत असा वापर खासगी जागेत असला तरी तो सक्तीच्या विम्यात येतो. या अर्थाने बंदिस्त ट्रॅकवरची शर्यतही सक्तीच्या कक्षेत आली असती आणि तेवढा विमा कोण देणार, असा पेच पडला. ब्रिटनने 2022च्या कायद्याने हा अर्थ दूर केला. युरोपीय संघाने 2021च्या निर्देशात, आयोजकाने पर्यायी विमा घेतला असेल तर बंदिस्त जागेतल्या मोटरस्पोर्टला सूट देण्याची वाट ठेवली.

जाण्याआधी आणि अपघातानंतर

ट्रॅकवर जाण्याआधी विमा कंपनीला दिवस, ठिकाण आणि स्वरूप कळवून ‘हा वापर पॉलिसीत बसतो का’ याचे उत्तर लेखी घ्यावे. एजंटचा फोनवरचा होकार दाव्याच्या वेळी सिद्ध करता येत नाही. आयोजकाच्या पॉलिसीत सहभागी चालक धरलेले आहेत का आणि कठड्याचे नुकसान कोण भरणार, हेही विचारावे. सस्पेन्शन किंवा इंजिनाच्या संगणकात केलेले बदल कंपनीला कळवलेले असावेत. गाडीच्या वॉरंटीतही ट्रॅकवरचा वापर वगळलेला आहे का ते पाहावे.

अपघात झाल्यावर गाडी टो करून महामार्गाच्या कडेला आणायची आणि तिथेच ठोकर झाली असे सांगायचे, हा मार्ग मोह पाडतो. पण ती फसवणूक ठरते. टोचे बिल, जीपीएसची नोंद, टायरच्या खाचांतले खडे आणि मित्रांनी काढलेले व्हिडिओ सर्व्हेयरला वेगळीच हकीकत सांगतात. विमा नसेल तर त्या दिवसापुरता मालक स्वतःच विमा कंपनी असतो. मग हिशेब सरळ आहे: पूर्ण गेली तरी घर हलणार नाही अशीच गाडी ट्रॅकवर न्यावी.