गुरुवार माझा

३१ जानेवारी २०२० हा माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. बीएसएनएल आणि एमटीएनएल या दोन्ही कंपन्यांतून मिळून नव्वद हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली. त्यांतलीच मी एक. वय ५३, नोकरी ३२ वर्षे. शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ सांभाळत डोंबिवली लोकलमध्ये चढले, तेव्हा डब्यातल्या मैत्रिणींनी विचारले, ''आता काय करणार गं?'' मी ऐटीत सांगितले, ''काहीही नाही!''

काहीही न करणे किती अवघड असते, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की घरातल्या सर्वांनी माझ्यासाठी कामे काढून ठेवली आहेत. गॅसचा सिलिंडर यायचा आहे, थांब. सोसायटीची टाकी साफ करायला माणूस येणार आहे, लक्ष ठेव. ह्यांचे बँकेतले काम, नणंदेच्या मुलीच्या लग्नाच्या याद्या, मुलाचे पार्सल. ''तू आता घरीच असतेस ना,'' हे वाक्य दिवसातून चार वेळा कानांवर पडायचे. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण साठीला निवृत्त होणाऱ्याला लोक 'आता आराम करा' म्हणतात, पन्नाशीत घरी आलेल्या बाईला तसे कोणी म्हणत नाही. हातपाय धड आहेत, मग बसून का राहायचे?

त्यातच मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. लोकल बंद झाली. घरात चार माणसे, चौघांचे चहा, चौघांची जेवणे, आणि कामवाली बाई येऊ शकत नव्हती. ऑफिसात निदान दुपारचा डबा तरी निवांत खात होते, असे वाटू लागले.

मास्क शिवण्यासाठी म्हणून सासूबाईंची पायमशीन बाहेर काढली. तिच्यामागे त्यांची पत्र्याची पेटी होती. त्या २०१४ साली गेल्या तेव्हापासून कोणी उघडली नव्हती. आत सात लुगडी, डांबराच्या गोळ्या, दोऱ्याची रिळे आणि एक अर्धवट शिवलेली गोधडी.

सासूबाई साताऱ्याकडच्या. गोधडीला त्या 'वाकळ' म्हणत. रोज दुपारी दोन ते चार जमिनीवर वाकळ पसरून त्यांचे शिवणे चाले. रविवारी मी घरी असले की मला त्याचा राग यायचा. इकडे आठवड्याची कामे पडली आहेत आणि ह्या जुन्या कपड्यांना टाके घालत बसल्या आहेत! एकदा मी बोलूनही गेले, ''बाजारात छान रजया मिळतात हो आता.'' त्या काही बोलल्या नाहीत. सुईत दोरा ओवत राहिल्या.

माझा मुलगा तीन महिन्यांचा असल्यापासून त्यांनीच सांभाळला. मी सकाळी सातला निघायची, रात्री आठला यायची. माझी ३२ वर्षांची नोकरी त्यांच्या जिवावर झाली. त्यांना ना पगार, ना रजा, ना निवृत्ती. ती अर्धी गोधडी हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा उमगले की दुपारचे ते दोन तासच काय ते त्यांचे होते. मांडीवर वाकळ पसरलेल्या बाईला 'जरा उठता का' असे कोणी म्हणत नाही.

मी ती गोधडी पुरी करायला घेतली.

टाके आणि टाक्यांची उसवण

शाळेत शिवण होते, पण गोधडीचे गणित वेगळे. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात. त्यावर-खाली एखादी मऊ साडी लावली की एका माणसाची गोधडी तयार. ऐकायला सोपे वाटते! मी एका बाजूने सरळ धावदोरा घालत गेले आणि पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत मध्ये चांगला फुगा आला. वरचा थर एकीकडे, खालचा दुसरीकडे. चार दिवसांचे काम उसवले.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यातूनच, मास्क लावून, समजावले. आधी सगळे थर जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचे आणि वीतभर अंतरावर सगळीकडे कच्चे टाके घालून घ्यायचे. मग कडेने सुरुवात करून चौकोनात आत आत यायचे. आणखी एक चूक मी दुसऱ्या गोधडीत केली. कापड वाया जायला नको म्हणून मध्ये एक नायलॉनची साडी घातली. गोधडी सुळसुळीत झाली, थर हलायला लागले आणि अंगावर घेतली की घाम. आत धुऊन धुऊन मऊ झालेले सुतीच हवे. कापड नवीन असेल तर ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते आधी बघावे, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळ्या मेहनतीवर लाल पाणी.

जुन्या कापडाला असे दुसरे आयुष्य देणाऱ्या बायका देशभर आहेत. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, कच्छ-राजस्थानात रल्ली. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्याही कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने मध्यापर्यंत येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या छोट्या घड्यांची 'फुला' लावतात. हे वाचल्यावर सासूबाईंच्या गोधडीचे कोपरे मी पुन्हा निरखून पाहिले. तिथे फुला नव्हत्या, पण कोपरा मात्र दुहेरी शिवलेला होता. ओढताना तोच आधी फाटतो ना!

भायखळ्याला उतरले

दोन्ही डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल खुली झाली. ऑफिस नव्हते, पण गाडीची सवय जात नव्हती. एकदा सहज मोजले, डोंबिवली ते सीएसएमटी या मार्गावर मी आयुष्यातली कितीतरी वर्षे काढली, पण मधल्या स्टेशनांवर क्वचितच उतरले. फास्ट गाडीत भायखळा म्हणजे पर्स सावरून उभे राहायची खूण, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली सहल उलट्या दिशेने केली, दिवाळीनंतर, अंबरनाथला. घरापासून पाचवे स्टेशन. तिथले शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे सन १०६० चा शिलालेख असलेले. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावे लागते, बाहेरच्या भिंतींवर तसूभर जागा मोकळी नाही इतके कोरीव काम. इतक्या जवळ राहून पन्नाशीनंतर पाहिले. डब्यात पोळीभाजी होती. तीन तासांत घरी परतले, पण आठवडाभर त्याच धुंदीत होते.

डिसेंबरात राणीच्या बागेसाठी भायखळ्याला उतरले. फाटक बंद! दर बुधवारी बाग बंद असते, हे भायखळ्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हापासून माझा वार गुरुवार ठरला. १९व्या शतकातली ही बाग आपण मुलांना प्राणी दाखवायला नेतो आणि झाडांकडे पाहतही नाही. तिथल्या गोरखचिंचेचा बुंधा बघा एकदा. त्यानंतर फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले, वस्त्रांच्या दालनात चांगली दोन तास रमले. माझे ऑफिस तिथून पायी दहा मिनिटांवर होते.

२०२२ मध्ये नात झाली आणि गुरुवारावर संकट आले. सुनेची २६ आठवड्यांची प्रसूतीरजा संपत आली. दोन दिवस तिला घरून काम करता येणार होते. उरलेल्या तीन दिवसांचे काय, हा प्रश्न मुलाला पडलाच नव्हता. ''आई, तू आहेसच की,'' तो म्हणाला.

मी म्हटले, ''दोन दिवस आहे. गुरुवारी नाही.''

घरात शांतता पसरली. सून काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरले. माझ्याही पोटात कालवले. लोकलची दगदग, छातीत दाटलेले दूध, हे सगळे मी सोसले होते. रात्री हे म्हणाले, ''तुझा मुलगा आईने सांभाळलाच ना? तिने कधी वार मोजले नाहीत.''

ते अगदी खरे होते, म्हणूनच झोंबले. मी म्हटले, ''मोजले नाहीत, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही.''

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हेच सुनेला म्हणाले, ''गुरुवारी मी बघतो हिला. मीही आता निवृत्तच आहे.'' पहिल्या गुरुवारी मी वसईच्या किल्ल्यात असताना त्यांचे अकरा फोन आले. चार दुपट्यांसाठी, तीन दुधाच्या बाटलीसाठी, बाकीचे निव्वळ घाबरून. आता फोन येत नाहीत. संध्याकाळी पोचले की आजोबा-नात दोघेही अंघोळ करून, पावडर लावून गॅलरीत उभे असतात. भांडी मात्र माझ्यासाठी तशीच. तो लढा अजून बाकी आहे.

सासूबाईंची अर्धी गोधडी पुरी झाली, नात तीच पांघरते. त्यांचे टाके बारीक आणि माझे जरा लांब, जिथे त्या थांबल्या ती रेघ स्पष्ट दिसते. उसवून सारखे करावे असे वाटले होते, पण तसेच राहू दिले. पाच लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. पेटीत दोन उरली आहेत, त्यांतले एक हिरवे इरकल आहे. परवा ते पसरून मी कात्री शोधत होते, तेवढ्यात सून आली आणि पदराचा काठ हातात धरून म्हणाली, ''आई, हे कापायच्या आधी मला एकदा नेसवून द्याल?''

नऊवारी नेसवणे मलाही धड येत नाही. खालच्या आजींना विचारले आहे. गुरुवार सोडून कधीही या, म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचे भजन असते.